घशाचा कॅन्सर झाल्यावर अन्ननलिका कोण बघणार?

"अहो सिस्टर, ह्यांचा कॅन्सर घशात आहे ना, मग पोटाची दुर्बीण कशाला करताय?" हा प्रश्न एंडोस्कोपी रूमच्या दारात मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता फॉर्म भरता भरताच उत्तर सुरू होतं. आणि प्रश्न काही चुकीचा नाही. घरात नुकतंच कॅन्सर हे नाव कानावर पडलेलं असतं, बायोप्सी झालेली असते, स्कॅन झालेलं असतं, ऑपरेशन की रेडिएशन ते ठरायचं असतं, आणि तेवढ्यात अजून एक तपासणी म्हटली की सगळ्यांच्या मनात एकच येतं, कॅन्सर खाली पसरलाय आणि आपल्यापासून लपवतायत. तसं नसतं. दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगितलेलं काही कोणाच्या डोक्यात राहत नाही म्हणून इथे जरा ऐसपैस लिहितेय. मी डॉक्टर नाही हां, एंडोस्कोपीत नर्स आहे, स्कोप म्हणजे ती दुर्बिणीची नळी, ती धुण्यापासून बायोप्सीच्या बाटलीवर लेबल चिकटवण्यापर्यंत सगळं करते आणि त्या स्क्रीनवर काय दिसतं ते रोज बघते, त्यामुळे औषधोपचाराचे निर्णय मला विचारू नका, पण ही तपासणी का आणि कशी करतात ते मी नीट सांगू शकते.

आधी का ते बघू. तोंडाचं आतलं अस्तर, घशाचं आणि अन्ननलिकेचं अस्तर हे एकाच जातीचं, चपट्या पेशींचे थर एकावर एक, त्याला स्क्वॅमस म्हणतात. ओठांच्या आतून सुरू होतं ते पार अन्ननलिका जठराला मिळते तिथपर्यंत. आता एखादा माणूस वीस-तीस वर्षं तंबाखू खातोय किंवा ओढतोय, वर दारू पितोय, तर ते विष काही फक्त जिभेच्या डाव्या कडेला लागून थांबत नाही ना, गिळलं की सगळा रस्ता त्यात भिजतो. मग कॅन्सर एका जागी दिसला म्हणून बाकीचं अस्तर चांगलं आहे असं धरून चालता येत नाही. शेतात एका कोपऱ्यात तण वर आलं की अख्ख्या रानात त्याचं बी पडलेलं असणार हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, तसंच. १९५३ मध्ये स्लॉटर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या ७८३ पेशंटचा अभ्यास छापला, त्यात ११ टक्क्यांपेक्षा जास्त लोकांना एकाहून अधिक, एकमेकांशी संबंध नसलेल्या गाठी सापडल्या, आणि गाठीच्या आजूबाजूचं दिसायला बरं वाटणारं अस्तरसुद्धा मायक्रोस्कोपखाली बिघडलेलं निघालं. ह्यालाच तेव्हापासून फील्ड कॅन्सरायझेशन म्हणतात, डॉक्टर लोक राऊंडवर फटकन बोलून जातात ते हेच.

म्हणजे अन्ननलिकेत जे शोधतात ते घशातल्या कॅन्सरचं पिल्लू नाही, तो वेगळा, स्वतःच्या जागी तयार झालेला दुसरा कॅन्सर. सेकंड प्रायमरी. हा फरक मला नातेवाईकांना परत परत सांगावा लागतो कारण सगळं ह्याच्यावरच अवलंबून आहे. पसरलेला कॅन्सर म्हणजे स्टेज वाढली, इलाजाचं गणितच बदललं. दुसरा स्वतंत्र कॅन्सर म्हणजे त्याची स्टेज त्याची वेगळी, आणि तो अगदी सुरुवातीला सापडला तर घशाचा इलाज घशाचा आणि अन्ननलिकेचा इलाज अन्ननलिकेचा, दोन्ही बरे करायच्या हिशोबानेच चालतात. कधी कधी दोन्ही एकदमच सापडतात, सहा महिन्यांच्या आत दुसरा सापडला तर त्याला सिंक्रोनस म्हणतात आणि त्यानंतर सापडला तर मेटाक्रोनस. हे दोन शब्द तुमच्या पेपरांवर दिसले तर घाबरू नका, वेळेचा हिशोब आहे फक्त.

धोका सगळ्यांना सारखा नाही, हे पण आधीच सांगते, नाहीतर थायरॉइडच्या गाठीवाले पण घाबरून येतील. सगळ्यात जास्त धोका हायपोफॅरिंक्सवाल्यांना, म्हणजे घशाचा अगदी खालचा भाग, स्वरयंत्राच्या मागचा, जिथून अन्ननलिका सुरूच होते. त्याच्यामागोमाग ऑरोफॅरिंक्स म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचं मूळ, आणि तोंडाचे कॅन्सर, त्यातही दारू आणि तंबाखू दोन्ही असतील तर जास्त. स्वरयंत्राच्या दोऱ्यांच्या छोट्या कॅन्सरला त्यामानाने कमी. एचपीव्ही व्हायरसमुळे होणारा टॉन्सिलचा कॅन्सर असेल आणि माणूस ना पिणारा ना ओढणारा, तर धोका बराच कमी, कारण तिथे अख्खं अस्तर भाजून निघालेलं नसतं. मग किती जणांना सापडतो? हा आकडा देश, पेशंट कसे निवडले आणि बघितलं कसं ह्याच्यावर इतका बदलतो की एकच आकडा सांगणं म्हणजे फसवणूक होईल, पण चांगल्या पद्धतीने बघितलेल्या अभ्यासांमध्ये, त्यातही पूर्व आशियातल्या, दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जातो, आणि कमी धोक्याच्या गटात दोन-चार टक्के. शंभरातले दहा म्हणजे काही किरकोळ नाही.

दारूबद्दल थोडं जास्त लिहिते कारण तंबाखूचं सगळ्यांना माहीत असतं, दारूचं नसतं. दारू पोटात गेली की तिचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी, पेशीतल्या डीएनएला चिकटतं, आणि मग शरीरातलं एक एन्झाइम त्याला निरुपद्रवी करून टाकतं. आयएआरसी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था, तिने २००९ मध्ये दारूतून येणारं ॲसिटाल्डिहाइड माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकलं. काही लोकांमध्ये ते साफसफाईचं एन्झाइम जन्मतःच कमजोर असतं, एएलडीएच-२ नावाचं, पूर्व आशियात हे खूप कॉमन आहे. असे लोक थोडी जरी प्यायले तरी तोंड लाल होतं, छातीत धडधडतं. ज्यांना हे होतं आणि तरी सवयीने पीत राहतात त्यांच्या घशाला आणि अन्ननलिकेला सगळ्यात जास्त मार बसतो. आणि तोंडातले जंतूसुद्धा लाळेत दारूपासून ॲसिटाल्डिहाइड बनवतात, त्यामुळे यकृत ठणठणीत आहे म्हणून आपण सेफ असं काही नसतं. तंबाखू आणि दारू एकत्र असतील तर धोक्याची नुसती बेरीज होत नाही, त्याच्याही पुढे जातो.

आता माझा खरा मुद्दा. ह्या पेशंटमध्ये लक्षणाची वाट बघून चालत नाही. बाकीच्या जगाला आपण सांगतो की घास अडकायला लागला की लगेच दाखवा, ठीक आहे, पण ज्याच्या घशाला रेडिएशन झालंय त्याचा घास तर आधीपासूनच अडकतोय! लाळ सुकलेली, घशाचे स्नायू कडक झालेले, गिळताना ठसका लागतो, कधी वरच्या टोकाला अन्ननलिका आक्रसलेली, त्यामुळे पेशंट म्हणतो शेकामुळे आहे, घरचे म्हणतात शेकामुळे आहे, आणि फॉलोअपला डॉक्टरसुद्धा गळ्यात आरसा घालून बघतात, वर सगळं स्वच्छ दिसतं आणि ते पण म्हणतात रेडिएशनचा परिणाम आहे, हळूहळू जाईल. बहुतेक वेळा ते खरं पण असतं. अडचण एवढीच आहे की जेव्हा ते खरं नसतं तेव्हाही सगळं अगदी असंच दिसतं. वजन कमी होणं घ्या, ते तर इलाजामुळे होतंच. आवाज बसणं, तेही होतंच. एकही लक्षण असं उरत नाही की ज्याच्यावर बोट ठेवून म्हणता येईल की हे नवीन आहे.

आणि तसंही अन्ननलिका ही लक्षणं उशिरा दाखवणारी जागा आहे. ती ताणली जाते, जागा करून देते, त्यामुळे आतला मार्ग बराच अरुंद होईपर्यंत माणूस नीट जेवत असतो, मग आधी घट्ट घास अडकतो, मग मऊ, मग पाणी. तोपर्यंत गाठ भिंतीत खोल गेलेली असते. ह्या नळीला आतड्यासारखं बाहेरचं आवरण नसतं आणि लसिकावाहिन्या अगदी वरवरच्या थरापर्यंत आलेल्या असतात, म्हणून कॅन्सर लवकर लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिकेच्या गाठींमध्ये जातो. सगळ्यात वरच्या थरात असताना लिम्फ नोडमध्ये जायची शक्यता अगदी नगण्य, पण तोच सबम्युकोसामध्ये, म्हणजे अस्तराच्या खालच्या थरात, खोल उतरला की चाळीस टक्क्यांच्या घरात जाते, आणि हा फरक काही सेंटीमीटरचा नाही, मिलीमीटरपेक्षाही कमी जागेतला आहे. २०२२ मध्ये जगभरात अन्ननलिकेच्या कॅन्सरचे साधारण ५ लाख ११ हजार नवीन पेशंट आणि त्याच वर्षात ४ लाख ४५ हजार मृत्यू, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की कळतं उशीर होण्याचं काय होतं ते.

मग स्क्रीनिंग म्हणजे दुर्बीण घातली, बघितलं, झालं, असं लोकांना वाटतं. आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. "एंडोस्कोपी नॉर्मल" असा रिपोर्ट हातात आला तरी त्याचा अर्थ कशी बघितली ह्याच्यावर ठरतो. सुरुवातीचा कॅन्सर म्हणजे गाठ नसतेच हो, फोड नाही, व्रण नाही, सपाट असतो, अस्तराचा रंग किंचित लालसर, किंवा नेहमी दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी तेवढ्या तुकड्यात पुसल्यासारखी. साध्या पांढऱ्या उजेडात, जठर बघायच्या घाईत, स्कोप अन्ननलिकेतून सर्रकन खाली नेला तर हे दिसायचं कारणच नाही. बऱ्याच ठिकाणी अन्ननलिका हा जठराकडे जायचा नुसता रस्ता म्हणून बघितली जाते, हे मी काम करून सांगतेय.

ह्याला दोन उपाय आहेत. एक म्हणजे एनबीआय, स्कोपवरचं एक बटण दाबलं की पांढऱ्या उजेडाऐवजी फक्त ठरावीक निळा आणि हिरवा प्रकाश पडतो, ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा, तो रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं म्हणून बारीक रक्तवाहिन्या एकदम उठून दिसतात आणि बिघडलेला तुकडा तपकिरी डागासारखा दिसतो. जवळ नेऊन मोठं करून बघितलं तर आतल्या केशवाहिन्यांचे वेटोळे वाकडेतिकडे झालेले दिसतात आणि त्यांच्या आकारावरून कॅन्सर किती खोल असेल ह्याचा अंदाज पण करतात. २०१० मध्ये जपानमधल्या डॉक्टरांनी अनेक हॉस्पिटलं मिळून अन्ननलिकेचा कॅन्सर असलेल्या ३२० पेशंटवर ट्रायल केली, पांढरा उजेड विरुद्ध एनबीआय. अन्ननलिकेतले वरवरचे कॅन्सर पांढऱ्या उजेडात ५५ टक्के सापडले आणि एनबीआयमध्ये ९७ टक्के. घशातले? पांढऱ्या उजेडात फक्त ८ टक्के, एनबीआयमध्ये सगळेच्या सगळे. म्हणजे माणूस तोच, नळी तीच, फक्त उजेड बदलला. हे वाचल्यापासून मला पांढऱ्या उजेडातल्या "नॉर्मल"वर भरवसाच राहिलेला नाही.

दुसरा उपाय जुना आणि माझ्या हाताखालचा, लुगॉल आयोडीन. लुगॉल हे फ्रान्सचे डॉक्टर, १८२९ सालचं त्यांचं आयोडीनचं पाणी आजही वापरतात, गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत वापरतात ते पण हेच. निरोगी स्क्वॅमस पेशींमध्ये ग्लायकोजेन भरलेलं असतं, आयोडीन त्याला धरतं आणि अख्खी अन्ननलिका गडद तपकिरी होते. बिघडलेल्या पेशींनी ग्लायकोजेन संपवलेलं असतं, तिथे रंग चढत नाही, तेवढाच तुकडा फिकट पिवळट राहतो, अगदी कडा आखल्यासारखा. आणि मग दोन-तीन मिनिटं थांबायचं. तो फिकट तुकडा गुलाबी झाला तर संशय पक्का होत जातो, बायोप्सी तिथूनच घ्यायची. ही दोन-तीन मिनिटं थांबायला लागतात आणि तीच बऱ्याचदा कोणाकडे नसतात. आता प्रत्येक फिकट डाग म्हणजे कॅन्सर नाही बरं का, सूज असली, खरवडलं गेलं असलं तरी रंग चढत नाही, म्हणून तर गुलाबी होण्याची वाट बघायची. काही पेशंटच्या अन्ननलिकेत एक-दोन डाग नसतात, अख्खी नळी बिबट्याच्या कातडीसारखी ठिपक्याठिपक्यांची दिसते, एका नजरेत दहा किंवा जास्त. ह्यांच्यात पुढे नवीन कॅन्सर होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आज काही सापडलं नाही तरी ह्यांना लवकर परत बोलवायचं.

लुगॉलचा त्रास होतो, खोटं कशाला सांगू. छातीत जळजळ, कधी चांगलंच दुखतं, दिवसभर चुरचुरतं. त्याच्यावर शेवटी सोडियम थायोसल्फेटचं पाणी मारतात, ते आयोडीनला निकामी करतं, रंग पण जातो आणि जळजळ पण बरीच कमी होते. तुमच्याकडे लुगॉल करणार असतील तर हे मारणार का असं विचारायला काहीच हरकत नाही. आयोडीनची ॲलर्जी असेल किंवा थायरॉइड जास्त काम करत असेल तर लुगॉल करत नाहीत, तिथे एनबीआय. आणि अन्ननलिकेच्या अगदी वरच्या तोंडाशी लुगॉल फवारत नाहीत कारण ते घशात येऊन श्वासनलिकेत जायची भीती, तिथे पण एनबीआयच लागतं. ही वरची दोन-तीन सेंटीमीटरची जागा म्हणजे खरी डोकेदुखी, स्कोप आत घालताना तिथून एकदम सटकतो आणि बाहेर काढताना पेशंटला ओकारी येत असते, आणि नेमका हायपोफॅरिंक्सच्या शेजारचाच भाग तो. चांगले एंडोस्कोपिस्ट बाहेर येताना तिथे हवा सोडत, हळूहळू येतात. आणि त्याच्या आधी फेस आणि चिकट लाळ पाण्याने धुवून काढावी लागते, रेडिएशन झालेल्यांची लाळ तर दोरीसारखी चिकटते, ती तशीच ठेवून कुठलाही उजेड टाकला तरी काय दिसणार.

लोक विचारतात, पेट स्कॅन झालंय, त्यात अन्ननलिका क्लिअर आहे, मग? पेट स्कॅन मोठ्या गाठीला आणि पसरलेल्याला चांगलं, पण एक-दोन मिलीमीटर जाडीचा सपाट कॅन्सर त्यात उजळतच नाही बहुतेक वेळा. बेरियमचा एक्सरे पण तसाच. सुरुवातीचा सापडायचा असेल तर स्कोप घालून, धुवून, नीट बघण्याला पर्याय नाही.

कधी करायची? इलाज सुरू व्हायच्या आधी एकदा, हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कारण दुसरं काही सापडलं तर अख्खा प्लॅन बदलू शकतो. समजा हायपोफॅरिंक्सचा मोठा कॅन्सर आहे, सर्जन जठर वर ओढून त्याची नवी नळी करायच्या विचारात आहेत, आणि अन्ननलिकेत खाली अजून एक कॅन्सर बसलाय, तर हे आधी कळायला नको? किंवा रेडिएशनचं फील्ड आखायचंय. किंवा पोटात थेट फीडिंगची नळी घालायचीय, ती घातली की जठराला भोक पडतं, आणि उद्या त्याच जठराची अन्ननलिका करायची वेळ आली तर सर्जनची पंचाईत होऊ शकते. गंमत बघा, ती फीडिंगची नळी घालायला स्कोप अन्ननलिकेतूनच जातो! बेशुद्धीचं इंजेक्शन दिलंय, स्कोप आत आहे, बटण दाबलं की एनबीआय आहे, आणि तरी पाच मिनिटं अन्ननलिका बघत नाहीत कारण फॉर्मवर फक्त "फीडिंग ट्यूब" लिहिलेलं असतं. म्हणून नातेवाईकांना मी सांगते, ही ट्यूब घालायची ठरली असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, त्याच वेळी अन्ननलिकेचं स्क्रीनिंग पण होईल का.

आणि एकदा करून संपत नाही. घशाच्या कॅन्सरच्या पेशंटला सगळ्या जागा धरून दुसरा नवीन कॅन्सर होण्याचा धोका वर्षाला साधारण तीन ते पाच टक्के असतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच चालू राहतो. पाच वर्षं झाली, डॉक्टरांनी पाठ थोपटली, आता सुटलो, हे पहिल्या कॅन्सरबद्दल खरं असेल, अन्ननलिकेला ती पाच वर्षं माहीत नसतात. परत किती दिवसांनी बघायचं हे धोक्याप्रमाणे ठरतं, ठिपक्याठिपक्यांची अन्ननलिका असेल किंवा आधी काही काढलेलं असेल तर सहा महिने, नाहीतर वर्ष किंवा त्याहून जास्त. जपान आणि तैवानमध्ये हे फॉलोअपचा भागच झालेलं आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी डॉक्टर आणि हॉस्पिटलप्रमाणे बदलतं.

दुसरी बाजू पण आहे, ती सांगितली नाही तर बरोबर नाही. मोठी, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली ट्रायल, ज्यात स्क्रीनिंगमुळे माणसं जास्त जगली असं सिद्ध झालंय, तशी नाही. लवकर सापडलेले जास्त जगतात हे दिसतं पण त्यात खरंच आयुष्य किती वाढलं आणि कॅन्सर लवकर कळल्यामुळे मोजणीचं घड्याळच लवकर सुरू झालं ह्याचा भाग किती, हे वेगळं काढणं कठीण. पहिला कॅन्सरच इतका पुढे गेलेला असेल की इलाज फक्त आरामापुरता आहे, तर त्या माणसाच्या घशात अजून एक स्कोप घालून काय मिळवायचं, तिथे नको म्हणणं हाच शहाणपणा. आणि कमी धोक्याच्या माणसाला दरवर्षी घाबरवून ठेवण्यातही अर्थ नाही. पण हायपोफॅरिंक्सचा कॅन्सर, पिणारा-ओढणारा माणूस, इलाज बरा करायच्या हिशोबाने चाललाय, तिथे न बघणं मला पटत नाही, कोणी कितीही पुरावे मागितले तरी.

कारण लवकर सापडलं तर करायचं काय हे डोळ्यांनी बघते ना मी. ईएसडी म्हणतात, स्कोपमधूनच अस्तराच्या खाली पाणी भरून तो तुकडा फुगवतात, कडेने खूण करतात, बारीक चाकूने सोलून अख्खा एका तुकड्यात काढतात. छाती उघडायची नाही, जठर वर ओढायचं नाही. तुकडा पिना लावून ताणून पॅथॉलॉजीला जातो, तिथे खोली मोजतात, कडा बघतात, वरवरचाच असेल तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. तुकडा नळीच्या तीन चतुर्थांशाहून जास्त गोलाईचा असेल तर नंतर जागा आक्रसते, म्हणून स्टेरॉइड देतात किंवा फुग्याने परत परत रुंद करतात, ते कंटाळवाणं आहे. पण तोच कॅन्सर दोन वर्षांनी घास अडकल्यावर सापडला असता तर केमो, रेडिएशन, मोठं ऑपरेशन, आणि घशाला आधीच पूर्ण डोस दिलेला असेल तर त्या भागाला परत रेडिएशन द्यायला जागाच उरत नाही.

"आता झालाच आहे कॅन्सर, आता सोडून काय फरक पडतो?" हे वाक्य पण ऐकतेच, तंबाखूबद्दल कमी, दारूबद्दल जास्त. फरक पडतो. जपानमध्ये अन्ननलिकेचा सुरुवातीचा कॅन्सर स्कोपने काढलेल्या ३३० पेशंटवर लक्ष ठेवलं होतं, २०१६ मध्ये छापलं, ज्यांनी दारू बंद केली त्यांच्यात अन्ननलिकेत परत परत नवीन कॅन्सर होण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. निम्मा! इतका फरक पाडणारं औषध असतं तर लोकांनी रांगा लावल्या असत्या.

हे उलटं पण लागू आहे, म्हणजे ज्याला अन्ननलिकेचा कॅन्सर आहे त्याचा घसा बघायला हवा. स्कोप तसाही तिथूनच आत जातो, अर्धा मिनिट एनबीआय लावून "ईईई" म्हणायला लावलं की हायपोफॅरिंक्स थोडा उघडतो आणि बऱ्यापैकी दिसतो. झोपेचं इंजेक्शन द्यायच्या आधी हे करायचं असतं, नंतर पेशंट "ईईई" म्हणत नाही.

तपासणीला येणार असाल तर काही गोष्टी आधीच सांगा, आम्ही विचारायची वाट बघू नका. तोंड किती उघडतं ते सांगा, रेडिएशननंतर किंवा ऑपरेशननंतर दोन बोटं सुद्धा जात नसतील तर नाकातून जाणारा बारीक स्कोप असतो, त्याची सोय आधी करावी लागते. आधी कधी अन्ननलिका आक्रसली म्हणून फुग्याने रुंद केली होती का, हलणारे दात, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आयोडीनची ॲलर्जी, थायरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का. गळ्याला श्वासाचं भोक असेल तर ते पहिल्यांदा सांगा, कारण कुशीवर झोपवताना ते चादरीने झाकलं जाता कामा नये आणि ऑक्सिजन नाकाला नाही, तिथे लावायचा असतो. रोज दारू घेत असाल तर ते पण खरं सांगा, घरच्यांसमोर सांगायचं नसेल तर मला बाजूला बोलवून सांगा, कारण अशा माणसांना नेहमीच्या डोसने झोप येत नाही, उलट चवताळतात, आणि हलणाऱ्या अन्ननलिकेत बारीक डाग शोधणं कोणालाच जमत नाही. आणि रिपोर्ट घेताना बघा त्यात एनबीआय किंवा लुगॉल वापरल्याचं लिहिलंय का, अन्ननलिकेचे वेगवेगळ्या अंतरावरचे फोटो आहेत का. नसतील तर पुढच्या फॉलोअपला कॅन्सरच्या डॉक्टरांना तेवढं दाखवून विचारा की ही पुरेशी आहे की परत करायची.